ओएलईडी की ऑरगॅनिक सोलर सेल? कोकणातून संशोधनाला निघालेल्यांसाठी

मे महिन्यात एमएस्सीच्या तोंडी परीक्षा उरकल्या की कुणी ना कुणी दारात येऊन उभं राहतं. यंदाचा मुलगा देवगडचा. आंब्याच्या पेट्या भरायचं काम अर्धवट टाकून आला होता, शर्टाला पेंढा चिकटलेला. पीएचडीसाठी दोन गाइडकडून होकार: एकाकडे ऑरगॅनिक सोलर सेल, दुसऱ्याकडे ओएलईडी, म्हणजे कार्बनी रसायनाचा दिवा. "मॅडम, कुठला घेऊ?" आणि मग जरा थांबून, "पण आपल्या पावसात ह्या टिकतला काय?" पहिल्यापेक्षा हा दुसरा प्रश्न मला जास्त शहाणपणाचा वाटला.

दोन्ही वस्तू दिसायला जुळ्या बहिणी. काचेवर आयटीओचा (इंडियम टिन ऑक्साइड) पारदर्शक, वीज वाहणारा थर, त्यावर साधारण शंभर नॅनोमीटरचा कार्बनी रसायनाचा थर, वर धातू. सोलर सेलला उजेड द्यायचा आणि वीज घ्यायची, ओएलईडीला वीज द्यायची आणि उजेड घ्यायचा. मूळही एकाच घरातलं. कोडॅकमध्ये काम करणाऱ्या चिंग तांग यांनी १९८६ मध्ये दोन थरांचा सोलर सेल प्रसिद्ध केला, कार्यक्षमता सुमारे १ टक्का. पुढच्याच वर्षी त्यांनी स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांच्याबरोबर दहा व्होल्टच्या आत पेटणारा ओएलईडी दाखवला. इथून पुढे मात्र दोघींची दुखणी वेगळी, आणि तुमची पाच वर्षं त्यातल्या एका दुखण्यावर जाणार आहेत.

सोलर सेलचं दुखणं असं. सिलिकॉनमध्ये उजेड पडला की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर राहिलेली रिकामी जागा) जवळजवळ लगेच सुटे होतात. कार्बनी पदार्थात ते एकमेकांना धरून बसतात. ही जोडी म्हणजे एक्सिटॉन. तिला विझण्याआधी साधारण दहा नॅनोमीटर चालता येतं, तेवढ्यात इलेक्ट्रॉन देणारा डोनर आणि घेणारा ॲक्सेप्टर या दोन पदार्थांची सीमा गाठली तरच ती फुटते. सगळा उजेड शोषायला थर शंभर नॅनोमीटर हवा आणि चाल तर दहाचीच! म्हणून दोन्ही पदार्थ एकाच द्रावणात मिसळून ओततात. खाचरात जागोजागी बांध घातल्यासारखं, कुठूनही निघा, चार पावलांवर बांध. पण बांध फार झाले तर पाणी वाहून जायला वाट उरत नाही, तसंच मिश्रण फार बारीक झालं तर सुटलेले इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडपर्यंत पोचत नाहीत. या जाळीची वीण साधणं हेच इथलं निम्मं कौशल्य. पीथ्रीएचटी (डोनर) आणि पीसीबीएम (ॲक्सेप्टर) या जुन्या जोडीत फिल्म १५० अंशांच्या आसपास तापवून ती साधली आणि २००५ च्या सुमाराला कार्यक्षमता ५ टक्क्यांपर्यंत गेली. पुढे द्रावणात डायआयोडोऑक्टेन नावाच्या द्रवाचे दोन-तीन टक्के घालायची युक्ती आली. गुण आला, पण फिल्ममध्ये उरलेलं डायआयोडोऑक्टेन नंतर तीच फिल्म खराब करतं, हे बऱ्याच जणांना उशिरा कळलं.

मोठी उडी २०१९ ची. फुलरीनऐवजी (पीसीबीएम त्याच कुळातला) वायसिक्स नावाचा ॲक्सेप्टर आला आणि आकडा १५.७ टक्क्यांवर गेला. आता प्रयोगशाळेत १९-२० टक्के निघतात. हे आकडे चौरस सेंटिमीटरहून लहान तुकड्यावरचे असतात, आणि कडेचा उजेड अडवणारा मास्क न लावता मोजलेला तुकडा खोटं बोलतो, हे पेपर वाचताना ध्यानात ठेवा.

ओएलईडीचं दुखणं उलटं. तिथे जोड्या फोडायच्या नाहीत, जुळवून उजेडात खर्ची घालायच्या. वीज देऊन तयार झालेल्या चार एक्सिटॉनपैकी फक्त एकच सिंग्लेट, म्हणजे सहज उजेड देणारा असतो, साध्या रंगद्रव्यात उरलेले तीन ट्रिप्लेट उष्णतेत वाया जातात. १९९८ मध्ये प्लॅटिनम आणि त्यानंतर इरिडियम असलेल्या रेणूंनी ते तिघेही कामाला लावले. इरिडियम महाग, म्हणून २०१२ मध्ये जपानच्या क्यूशू विद्यापीठातल्या चिहाया अदाची यांच्या गटाने जड धातूशिवाय तीच किमया करून दाखवली: खोलीच्या उष्णतेवरच ट्रिप्लेट परत सिंग्लेट होतो. आत चारही जोड्या उजळल्या तरी बाहेर पडायचं राहतंच. विहिरीत बुडी मारून तिरकं वर पाहिलं की पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो ना, तसा सपाट काचेच्या ओएलईडीतला बराचसा उजेड आतच परतत राहतो, जेमतेम पाचवा हिस्सा बाहेर येतो. काचेवर बारीक भिंगांची फिल्म लावून तो वाढवता येतो. आणि निळा रंग हे तर जुनं दुखणं. निळ्या फोटॉनची ऊर्जा इतकी असते की रेणूचे बंध तुटतात, त्यामुळे टिकाऊ आणि कार्यक्षम निळा अजून हाताशी नाही. ज्यांना रेणू बनवण्याची खरी आवड आहे, त्यांच्यासाठी तिथे काम भरपूर.

मजा अशी की चांगला सोलर सेल हा चांगला दिवाही असावा लागतो. त्यालाच बाहेरून वीज दिल्यावर तो जेवढा कमी उजळतो, तेवढं त्याचं व्होल्टेज पडतं: उजळण्याची क्षमता दहापटीने घटली की सुमारे ६० मिलिव्होल्ट गेले. त्यामुळे सोलरकडे गेलात तरी ओएलईडीची अर्धी विद्या शिकावीच लागते.

आता त्या मुलाचा दुसरा प्रश्न. मी संशोधन करत होते तेव्हा एका गणपतीला चार पिक्सेलचा हिरवा ओएलईडी घरी आणला होता, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर मखरात लावायला. वर काच ठेवून कडेने इपॉक्सी लावलेली. त्याच डब्यात, तशाच इपॉक्सीने बंद केलेला एक सोलर सेलही होता, झिंक ऑक्साइड खाली आणि चांदी वर, म्हणजे उलट्या रचनेचा. चतुर्थीला ओएलईडी सुंदर पेटला. गौरी जायच्या दिवशी भिंगातून पाहिलं तर हिरव्या चौकोनात गोल गोल काळे ठिपके, हापूसवर डाग पडतात तसे, आणि एका कडेने काळी पट्टी आत सरकत आलेली. ठिपक्याच्या जागी ॲल्युमिनियम फोडासारखं वर उचललं गेलं होतं. खालच्या लिथियम फ्लोराइडच्या सांध्यात ओल शिरली होती. आईने विचारलं, "ह्याका बुरशी लागली काय गो?" सोलर सेल परत जाऊन मोजला, तर त्याचा करंट थोडासाच घटलेला. एका नमुन्यावरून सिद्धांत मांडू नये, पण यामागचं कारण माहीत असलेलंच आहे. ओएलईडीच्या आवरणातून दिवसाला चौरस मीटरमागे एक मायक्रोग्रॅम वाफही फार. एक एकर फिल्म पसरली तर तिच्यातून पाण्याचा एक थेंब जायला दहा-बारा दिवस लागावेत, इतकी ती घट्ट हवी. सोलर सेलला याच्या हजारपट गळती साधारण चालून जाते, एकरामागे दिवसाला चमचाभरापेक्षा कमी. ओएलईडीत ठिपका डोळ्यांना दिसतो आणि मालच बाद होतो, सोलर सेलमध्ये त्याच ठिपक्याने करंट जरा कमी येतो एवढंच.

अर्थात सोलर सेल अमर नाही. आयटीओवर देतात तो पेडॉट-पीएसएस या वीज वाहणाऱ्या प्लास्टिकचा थर हवेतली ओल शोषतो, आम्लधर्मी असल्यामुळे आयटीओही खातो. म्हणून गाइड अजून हा थर खाली असलेली सरळ रचनाच वापरत असतील तर कारण विचारा. मोलिब्डेनम ऑक्साइड आणि चांदी असलेली उलटी रचना आपल्या हवेला जास्त मानवते.

यंत्रांचं थोडक्यात: सोलरला द्रावण गरगर फिरवून पसरवणारा स्पिन कोटर, हॉटप्लेट, नायट्रोजनचा ग्लोव्हबॉक्स आणि धातूसाठी एक व्हॅक्यूम चेंबर पुरतो. चांगल्या ओएलईडीला एकाच चेंबरमध्ये चार-पाच पदार्थ तापवून वेगवेगळ्या वेगाने वाफेत उडवावे लागतात. तसं यंत्र मोठ्या संस्थांतच.

नोकरीचा विचार केला तर पारडं ओएलईडीकडे झुकतं, त्यात वाद नाही. बऱ्याच मोबाइलचे पडदे त्यावर चालतात, पण पॅनेलचे कारखाने मुख्यतः कोरिया आणि चीनमध्ये. सोलरचा बाजार लहान. आणि घराच्या छपरासाठी म्हणून यात पडत असाल तर पडू नका, मंगलोरी कौलांवर सिलिकॉनच बसवा, त्यावर पंचवीस वर्षांची हमी मिळते. ऑरगॅनिकची जागा घरातल्या उजेडात आहे. दिव्याच्या प्रकाशाला जुळणारा पदार्थ निवडला तर तिथे २५ टक्क्यांच्या वर कार्यक्षमता निघते, आणि काजूच्या गोदामातला ओलावा मोजणारा सेन्सर तेवढ्यावर चालतो.

माझं मत त्याला स्पष्ट सांगितलं: परत सिंधुदुर्गात येऊन शिकवायचं असेल तर सोलर, आणि त्यातही विषय टिकाऊपणाचा घे. निळ्या रेणूंचं वेड असेल आणि परदेशी राहायची तयारी असेल तर ओएलईडी. त्याने लगेच काही ठरवलं नाही. माझ्या खिडकीत गेल्या पावसाळ्यापासून एक सेल लावलेला आहे, दर सोमवारी त्याचं व्होल्टेज वहीत लिहिते. त्याने मल्टिमीटर मागून घेतला, आकडा स्वतः वाचला, जून महिन्याची पानं उलटून पाहिली आणि विचारलं, "मॅडम, मृगातल्या दोन नोंदी का नाहीत?"

लाइट गेले होते, मी म्हटलं. "पण सेलाक लाइट कित्याक व्हयी?" म्हणाला. बरोबर होतं त्याचं. मीच मोजायला गेले नव्हते.