घरापासून गोठ्यापर्यंत जमिनीखालून वीज: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या घरापासून गोठा 80 मीटरवर आहे आणि गोठ्याला लागूनच अवजारांची शेड. दोन्हीकडे आता जमिनीखालून पक्की लाइन गेली आहे. कोरडे महिने गेले, भर पावसाळाही गेला, मोटारी रोज चालल्या, त्यामुळे आता खात्रीने लिहिता येतंय. जाड केबल घेतल्याचं सुख रोज मिळतं. पण माणसाचा आणि जनावराचा जीव वाचवण्याचं काम गोठ्यातल्या बोर्डावर आणि अर्थिंगवर होतं, आणि नेमका तिथेच बहुतेक जण हात आखडता घेतात.

काय टाकलंय ते आधी सांगतो. तीन कोरची (आत तीन वेगळ्या तारा) 10 स्क्वेअर एमएम तांब्याची आर्मर्ड केबल, म्हणजे वरून धातूचं कवच असलेली, 75 सेंटीमीटर खोल चरात. घराकडच्या टोकाला 40 अँपचा डबल पोल एमसीबी (करंट जास्त झाला की सुटणारा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा खटका) आणि 300 मिलीअँपचा, जरा उशिराने सुटणारा एस प्रकारचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की सुटणारा खटका). गोठ्यात स्वतंत्र डीबी, म्हणजे वीज वाटणारा बोर्ड. तिथे दिवे, पंप, कडबा कुट्टी आणि शेडमधले सॉकेट अशा प्रत्येक सर्किटला आपापला 30 मिलीअँपचा आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी दोन्हींचं काम एकत्र करणारा खटका. गोठ्याजवळ वेगळा अर्थ रॉड, म्हणजे अर्थिंगसाठी जमिनीत ठोकलेली धातूची कांब. काम परवानाधारक वायरमनने केलं. मी प्रत्येक टप्प्यावर शेजारी उभा होतो.

केबल किती जाडीची घ्यायची, या प्रश्नावर सगळ्यात जास्त सल्ले मिळतात आणि त्यातले बहुतेक फक्त अँपवर बोलतात. ‘4 स्क्वेअर एमएमला 12 अँप म्हणजे काहीच नाही’ हे वाक्य चार भिंतींच्या आत बरोबर आहे. 80 मीटरवर ते पुरत नाही, कारण विजेला जायला 80 आणि परत यायला 80 मीटर लागतात. 10 स्क्वेअर एमएम तांब्याचा रोध किलोमीटरला साधारण 1.83 ओहम असतो, म्हणजे 160 मीटरला 0.29 ओहम. आमच्या कडबा कुट्टीची 2 एचपीची सिंगल फेज मोटार चालताना 12 अँपच्या आसपास घेते, म्हणजे वाटेत साडेतीन व्होल्ट जातात. मल्टीमीटरवरही तेवढाच फरक दिसतो: घरी 231, तर गोठ्यात 227-228.

खरी परीक्षा मोटार उठताना होते. सुरुवातीच्या क्षणी ती चालू करंटच्या पाचपट, कधी त्याहून जास्त ओढते. 60 अँप धरले तर 10 च्या केबलमध्ये साडेसतरा व्होल्ट जातात, 4 च्या केबलमध्ये 44. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. त्यामुळे 10 वर सुरुवातीचा जोर 85 टक्क्यांच्या आसपास उरतो आणि 4 वर दोन-तृतीयांशाच्याही खाली जातो. मग मोटार घुंघुं करत उभी राहते, वाइंडिंग तापतं, आणि लोक मोटारीला किंवा कपॅसिटरला दोष देतात. आमच्याकडे थंडीच्या सकाळी पट्टा घट्ट असतानाही मोटार एका दमात उठते, दिवा क्षणभर मंदावतो एवढंच. तिच्या सर्किटला आरसीबीओ सी प्रकारचा, 16 अँपचा आहे. बी प्रकार तिप्पट ते पाचपट करंटलाच झटक्यात सुटतो, त्यामुळे 16 चा बी अशा मोटारीला मधूनमधून दगा देतो.

ॲल्युमिनियमही चाललं असतं. 16 स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियमचा रोध 10 च्या तांब्याच्या जवळपास येतो आणि केबल हलकी पडते. मात्र ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या किंवा पितळेच्या टर्मिनलला थेट कसली की ओलाव्यात तो सांधा खाल्ला जातो. त्यासाठी बायमेटॅलिक लग (दोन धातूंचं जोडटोक) आणि नीट क्रिम्पिंग, म्हणजे ते तारेवर दाबून बसवणं, हवं. गोठ्यासारख्या दमट जागी मला ही जोखीम नको होती.

आता अर्थिंग, कारण याबद्दलचा गैरसमज मला सगळ्यात धोकादायक वाटतो. ‘गोठ्यात रॉड ठोकलाय, आता भीती नाही’ असं सर्रास ऐकू येतं. हिशोब करून बघा. चांगल्या ओलसर मातीतल्या रॉडचा रोध 20 ओहम धरू. फेज मोटारीच्या बॉडीला लागला आणि करंटला परत जायला फक्त माती उरली, तर 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँप वाहतील. यावर 32 अँपचा एमसीबी सुटणार नाही, 16 चाही नाही. मोटारीची बॉडी तशीच जिवंत राहील. माती सुकली की रोध आणखी वाढतो. म्हणून नुसत्या रॉडवर विसंबून चालत नाही: गळतीवर सुटणारा आरसीसीबी किंवा आरसीबीओ लागतोच, आणि घरापासून अर्थची स्वतंत्र तारही हवी. आमच्या केबलचा तिसरा कोर त्यासाठीच आहे. केबलचं धातूचं कवच, म्हणजे आर्मर, दोन्ही टोकांना ग्लँड (केबल घट्ट पकडणारा तुकडा) आणि अर्थ टॅग लावून अर्थला जोडलंय. रॉड हा जास्तीचा आधार.

गोठ्याच्या डीबीत न्यूट्रल आणि अर्थ यांच्या पट्ट्या पूर्ण वेगळ्या आहेत. काही ठिकाणी ‘न्यूट्रल पक्का व्हावा’ म्हणून दोन्ही एकत्र बांधतात. तसं केलं की परतीचा करंट वाटला जातो: थोडा न्यूट्रलमधून, थोडा आर्मरमधून, मातीतून आणि पाण्याच्या पाइपमधून. घराकडचा आरसीसीबी सुटत राहतो, मग कुणीतरी तो काढून टाकतं, आणि पाण्याच्या लोखंडी टाकीवर दोन-चार व्होल्ट कायमचे बसतात.

माणसाला चपला घालून हे दोन-चार व्होल्ट कळतही नाहीत. गायीला कळतात. तिचे चारही पाय ओल्या जमिनीवर, ओलं तोंड टाकीला, पुढच्या-मागच्या पायांत मोठं अंतर, आणि अंगाचा रोध माणसापेक्षा बराच कमी, साधारण 500 ओहमच्या घरात. जनावर पाणी प्यायला कचरतं, दूध काढताना लाथ मारतं, आणि आपण आजार शोधत बसतो. यावर उपाय म्हणून गोठ्यातलं सगळं लोखंड एकमेकांना आणि अर्थला जोडून घेतलं: खांब, गव्हाणीचे पाइप, पाण्याची लाइन आणि काँक्रीट ओतण्याआधी जमिनीतली जाळी. जाळी नंतर जोडता येत नाही, म्हणून फरशी करायच्या आधीच वायरमनला बोलवा. टाकी आणि जमीन यांच्यात मी अधूनमधून मीटर लावतो. सगळा लोड चालू असतानाही काटा 0.2 व्होल्टच्या वर गेलेला नाही.

प्रत्येक सर्किटला वेगळा आरसीबीओ घेतल्याचं चीज पावसाळ्यात झालं. एका रात्री गव्हाणीवरचे दिवे गेले. पंप चालू, बाकीचं चालू, घर तर पूर्ण चालू. घरी एकच 30 मिलीअँपचा असता तर सगळा वाडा अंधारात गेला असता आणि पावसात कुठे शोधायचं हेही कळलं नसतं. इथे बोर्डावर एकच खटका खाली पडलेला होता. सकाळी दिवे सुटे करून वायरमनने मेगर, म्हणजे तारांच्या इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र, लावला. फेज आणि अर्थ यांच्यात मेगओहम दिसायला हवेत तिथे जेमतेम काही किलोओहम. एकेक जोड सोडवत तिसऱ्या दिव्याच्या जंक्शन बॉक्सपाशी आला. झाकण उघडलं तर वरून आलेल्या केबलच्या बाजूने थेंब आत उतरले होते, कोपऱ्यात मुंग्यांनी आणलेल्या ओल्या मातीचा थर थेट टर्मिनलला चिकटलेला, आणि पितळी स्क्रूवर हिरवा बुरा. गोठ्यातल्या हवेत अमोनिया असतो, त्याने तांबं-पितळ लवकर खराब होतं. बॉक्स बदलला, केबल खालून वळसा देऊन आत घेतली म्हणजे थेंब वळशावरूनच गळतो, आणि तळाला बारीक भोक ठेवलं. पुन्हा मेगर लावला तेव्हा वाचन शेकडो मेगओहमवर गेलं. तेव्हापासून तक्रार नाही.

यावरूनच माझी एक मोठी नापसंती. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकले जाणारे घट्ट बंद बॉक्स गोठ्यात पूर्ण बंद ठेवू नयेत. दिवसा तापतात, रात्री गार होतात आणि आतल्या हवेतलंच पाणी झाकणाला आतून सुटतं. आमच्या डीबीतही पहिल्या थंडीत असे थेंब दिसले. तळाला ड्रेन प्लग बसवल्यावर थांबले. बॉक्स प्लास्टिकचेच घ्या. पत्र्याचे इथे गंजतात.

आरसीबीओचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. पण ते बटण आतल्या आतच गळती तयार करतं. अर्थची तार तुटलेली असली तरी बटणावर तो सुटतोच. अर्थ वेगळा मोजावा लागतो.

चराबद्दल थोडक्यात: खाली वाळू, केबल, पुन्हा वाळू, विटा, आणि त्याच्या 30 सेंटीमीटर वर धोक्याची पट्टी. ट्रॅक्टर जिथून जातो तिथे जाड पाइपमधून. चर उघडा असताना भिंतीपासून टेप लावून फोटो काढून ठेवले होते. तरीही पाण्याची लाइन टाकायला आलेल्या माणसाने भलतीकडे खणायला घेतलं. कुदळीला आधी पिवळी पट्टी लागली आणि तो थांबला. ही पट्टी या सगळ्या कामातली सर्वात स्वस्त वस्तू असेल.

त्याच चरात एक रिकामा पाइप, आत दोरी घालून, मुद्दाम सोडला होता. पुढे गोठ्यात कॅमेरा लावायचा ठरला तेव्हा तो कामी आला. त्यातून तांब्याची नेटवर्क केबल न टाकता फायबर ओढली. वीज जवळ पडली की दोन इमारतींच्या अर्थमध्ये क्षणभर प्रचंड फरक पडतो आणि तांब्याची डेटा केबल तो थेट राउटरपर्यंत आणते. बिनधातूच्या फायबरमध्ये तो रस्ताच नसतो. दोन्ही बोर्डांवर सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारी साधनं, आहेत. त्यांची खिडकी अजून हिरवी, म्हणजे ते शाबूत, आहेत ना हे मोठ्या गडगडाटानंतर बघायची सवय लावून घेतली आहे.

खांबांवरून वरून लाइन नेणं हाही पर्याय असतो, आणि जमीन खडकाळ असेल तर तोच बरा. आमच्याकडे मध्ये झाडं आहेत आणि चाऱ्याने उंच भरलेली ट्रॉली त्याच वाटेने जाते, म्हणून तो विचार सोडला.

एवढं सगळं प्रत्येकाला लागेल असं नाही. लांबच्या कोठारात संध्याकाळी दोन एलईडी दिवे एवढीच गरज असेल तर छोटं सोलर पॅनेल आणि बॅटरी पुरते. खणणं नको, अर्थचा गुंता नको. पण मोटार, वेल्डिंग मशीन किंवा दूध काढण्याचं यंत्र यांतलं काहीही चालणार असेल तर पक्की लाइनच टाका. आणि खर्चाची ओढाताण झालीच तर सॉकेटची संख्या कमी करा, शेडमधले दिवे पुढच्या वर्षी लावा, पण आरसीबीओ आणि जमिनीतल्या जाळीचा जोड यांना हात लावू नका.