मेरियम-वेबस्टरचा ऑनलाइन शब्दकोश: ‘ऑथेंटिक’ या नोंदीच्या अंगाने परीक्षण

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणाऱ्याला ‘ऑथेंटिसिटी’ हा शब्द वरचेवर भेटतो आणि दर वेळी निराळा अर्थ घेऊन येतो. दस्तऐवजाच्या बाबतीत तो खरेपणा असतो, साक्षीच्या बाबतीत विश्वसनीयता, हॉटेलच्या जाहिरातीत अस्सल चव, तर आत्मविकासाच्या लेखनात स्वतःच्या स्वभावाशी इमान राखणे. शब्दकोशाची पारख करायला असा शब्द फार उपयोगी पडतो, म्हणून रोजच्या वापरातल्या मेरियम-वेबस्टरच्या मोफत संकेतस्थळाचे हे परीक्षण मी याच एका शब्दापुरते ठेवले आहे.

या शब्दकोशाची परंपरा नोआ वेबस्टर यांच्या १८२८ च्या कोशापासून सुरू होते. १८४३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मेरियम बंधूंनी कोशाचे हक्क घेतले आणि १९९६ पासून तो संकेतस्थळावर आहे. २०२३ साली याच संस्थेने ‘ऑथेंटिक’ हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. कृत्रिम बुद्धिमत्ता, प्रसिद्ध व्यक्ती, ओळख आणि समाजमाध्यमे यांविषयीच्या चर्चांमुळे त्याचा शोध वाढल्याचे कारण तिने दिले होते.

नामाचा अर्थ नीट कळण्यासाठी विशेषणाचीच नोंद वाचावी लागते, आणि ती वाचण्यासारखी आहे. एका अर्थानुसार ‘ऑथेंटिक’ म्हणजे जे खोटे किंवा नकली नाही ते. दुसऱ्यानुसार, मुळातली महत्त्वाची वैशिष्ट्ये उतरतील अशा रीतीने मुळाशी जुळणारे. म्हणजे जुन्या घराची काळजीपूर्वक उभारलेली प्रतिकृतीही ‘ऑथेंटिक’ ठरू शकते. सरसकट ‘अस्सल’ हा प्रतिशब्द वापरणारा इथेच फसतो, कारण आपल्या दप्तरी भाषेत अस्सल म्हणजे मूळ कागद आणि नक्कल म्हणजे त्याची प्रत. या दुसऱ्या अर्थासाठी मराठीत ‘अस्सलबरहुकूम’ हा नेमका शब्द आहे आणि तो भाषांतरांत क्वचितच दिसतो याचे मला वाईट वाटते. पुण्यातल्या एखाद्या खाणावळीच्या फलकावर ‘ऑथेंटिक मालवणी’ असे लिहिलेले असते, तेव्हा तिथला दावाही मालवणात शिजवल्याचा नसून मालवणच्या पद्धतीबरहुकूम शिजवल्याचा असतो. हे दोन्ही अर्थ वेगळे काढून त्यांना उदाहरणे जोडल्याबद्दल संपादकांचे कौतुक केले पाहिजे.

त्याहून मोलाचा आहे तो समानार्थी शब्दांतला भेद सांगणारा छोटा परिच्छेद. ‘ऑथेंटिक’, ‘जेन्युइन’ आणि ‘बोना फाइड’ या तिन्ही शब्दांचा समान आशय असा, की वस्तू जी म्हणून सांगितली जाते तीच ती आहे. परंतु पहिल्यात वस्तुस्थितीशी जुळल्यामुळे येणारी विश्वासार्हता असते, दुसऱ्यात भेसळ वा बनावट नसणे, आणि तिसऱ्यात हेतूचा प्रामाणिकपणा. मराठी वाचकाला हा भेद बखरींवरून चटकन पटेल. एखादी बखर ज्याच्या नावावर आहे त्यानेच खरोखर लिहिलेली असू शकते, आणि तरीही तिच्यातला मजकूर समकालीन पत्रांशी ताडून पाहता टिकत नाही. तिचे कर्तृत्व खरे, पण वृत्तांत अविश्वसनीय. इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर भर दिला, त्यामागे याच प्रकारची शंका होती. कोशातल्या मोजक्या ओळींत ही दोन प्रश्नांची फोड करून मिळते, आणि केवळ तेवढ्यासाठीही हे संकेतस्थळ मी उघडतो.

नोंदीतला सर्वांत गंभीर दोष म्हणजे ‘अधिकृत, प्रमाण’ या अर्थावर मारलेला ‘कालबाह्य’ असा शिक्का. सामान्य बोलण्यापुरते ते बरोबर असेल, पण आंतरराष्ट्रीय कायद्यात हा अर्थ पूर्ण जिवंत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेतील १११ वे कलम तिच्या चिनी, फ्रेंच, रशियन, इंग्रजी आणि स्पॅनिश संहिता ‘इक्वली ऑथेंटिक’ असल्याचे सांगते. त्याचा अर्थ ‘सारख्याच अस्सल’ असा केला तर वाक्य निरर्थक होते. पाचही संहिता सारख्याच प्रमाण मानायच्या, हे तिथे अभिप्रेत आहे. कोशावर विसंबून काम करणारा नवा भाषांतरकार तो शिक्का पाहून हा अर्थ बाजूला सारील, आणि चूक थेट कायद्याच्या मजकुरात उतरेल. संपादकांनी तिथे कायद्यातील चालू वापराची एक ओळ जोडायला हवी.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. वर्तमानपत्रांतून आपोआप गोळा केलेली ताजी उदाहरणे वापराचा कल दाखवतात, पण ती संपादकांच्या निवडलेल्या उदाहरणांइतकी नेमकी नसतात. मोफत आवृत्तीतल्या जाहिराती वाचनात व्यत्यय आणतात. उच्चार ध्वनिमुद्रित आहे ही सोय मोठीच, कारण विशेषणात ‘थें’वर असलेला आघात ‘ऑथेंटिसिटी’मध्ये ‘टि’वर सरकतो आणि तो कानांनी ऐकल्याखेरीज अंगवळणी पडत नाही, मात्र उच्चार लिहून दाखवण्यासाठी कोशाची स्वतःची चिन्हपद्धती असल्यामुळे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीची सवय असलेल्याला सुरुवातीला अडखळायला होते.

शब्दाबरोबर कोणती क्रियापदे येतात, म्हणजे ‘ऑथेंटिसिटी’ पडताळतात, सिद्ध करतात की तिच्याविषयी शंका घेतात, हे शिकणाऱ्यासाठी ही मुख्य नोंद अपुरी आहे. त्या कामासाठी विद्यार्थ्यांनी ऑक्सफर्डचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश शेजारी उघडून ठेवावा. अर्थांतले भेद समजून घ्यायचे असतील, तर मात्र मी आधी मेरियम-वेबस्टरकडेच जाण्याची शिफारस करीन.