परजीवी माश्यांसाठी घेतलेला स्टिरिओ सूक्ष्मदर्शक : भिंगे उत्तम, दिवा कुचकामी

परजीवी माश्यांची ओळख अंगावरचे राठ केस, पंखांतील शिरा आणि वक्षाची घडण यांवरून पटवावी लागते. हातातल्या भिंगाने हे भागेना, म्हणून मी ७ ते ४५ पट मोठे दाखवणारा झूम स्टिरिओ सूक्ष्मदर्शक घेतला, त्याला आता वर्ष झाले. भिंगांविषयी माझी तक्रार नाही. आहे ती सोबत मिळालेल्या दिव्याविषयी.

टॅकिनिडी या परजीवी माश्यांच्या कुलातील माशीची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे वक्षाच्या मागच्या टोकाला, स्क्युटेलम या ढालीसारख्या भागाच्या खाली, उशीसारखा फुगलेला सबस्क्युटेलम. माशी टाचणीसकट आडवी धरली, तर २० पटींवरच तो स्पष्ट दिसतो. सारकोफॅजिडी या मांसमाश्यांच्या कुलातील माश्यांत हा भाग असा फुगलेला नसतो. त्यांच्या करड्या वक्षावर तीन काळे पट्टे आणि उदरावर बहुधा चौकटींची नक्षी असते. मात्र कित्येक टॅकिनिड माश्याही करड्या आणि पट्टेदार असल्यामुळे नुसत्या रंगावर विसंबणे धोक्याचे ठरते. मागच्या पायाच्या बुडाशी, वक्षाच्या बाजूला असलेली राठ केसांची ओळ घरमाशीत नसते, पण ती या दोन्ही कुलांत असल्याने तिच्यावरून त्यांच्यात निवाडा होत नाही. जिम्नोकीटा वंशातील टॅकिनिड तर हिरव्या धातूसारख्या चमकतात. ल्युसिलिया ही नेहमीची चमकदार हिरवी माशी समजून मी बाजूला ठेवलेली अशी एक माशी या यंत्राखाली आल्यावरच माझी चूक उमगली.

भिंग आणि नमुना यांच्यामध्ये जवळजवळ १० सेंटिमीटर मोकळी जागा राहते, त्यामुळे चिमट्याने माशी हवी तशी फिरवता येते. झूमला ठरावीक टप्पे नसल्याने लांबी थेट मोजणे जिकिरीचे आहे; परंतु दोन डोळ्यांमधील कपाळाची रुंदी डोळ्याच्या रुंदीच्या किती पट आहे, एवढेच पाहायचे असेल, तर झूम न हलवता दोन्ही मापे घेतल्यास गुणोत्तर बरोबर येते.

आता दिवा. भिंगाभोवतीचा गोल एलईडी दिवा चहूबाजूंनी सारखाच उजेड टाकतो, त्यामुळे सावल्या पुसल्या जातात आणि काळ्या, चकचकीत पाठीवरचे केस मोजताना डोळे दिपतात. वक्षावरची करडी भुकटीसारखी झाक तर उजेडाचा कोन बदलताच जागा बदलल्यासारखी भासते, आणि पट्टे किती आहेत हे ठरवताना नेमकी तीच महत्त्वाची असते. अखेर मी तो दिवा काढून ठेवला आणि वाकणाऱ्या मानेचा वेगळा दिवा ट्रेसिंग पेपर लावून एका बाजूने वापरू लागलो. केस तेव्हाच नीट मोजता आले.

तळाचा दिवा मात्र उपयोगी आहे. कॉक्लिओमाया होमिनिव्होरॅक्स या माशीच्या, जिवंत मांस खाणाऱ्या, वाढ झालेल्या अळीत मागच्या टोकाच्या श्वासनलिका गडद रंगाच्या असतात, आणि जिवंत अळीच्या कातडीतून त्या कमी पटींवरही दिसतात. तिसऱ्या अवस्थेतील अळीच्या श्वासरंध्रावरच्या तीन फटी सरळ आहेत की घरमाशीसारख्या नागमोडी, हे ४५ पटींवर कळते.

सारकोफॅजिडीत प्रजातीपर्यंत पोहोचण्यासाठी बहुतेक वेळा नराचे जननांग बाहेर काढून तपासावे लागते. ते काढण्याचे काम या यंत्राखाली छान होते; बारीक रचना पाहायला मात्र मला त्याहून कितीतरी पट मोठे दाखवणाऱ्या संयुक्त सूक्ष्मदर्शकाकडेच जावे लागते. कुल आणि ठळक वंश ओळखणे एवढाच हेतू असणाऱ्याने हे यंत्र जरूर घ्यावे, फक्त गोल दिव्याशिवाय मिळते का, हे आधी विचारावे.