टेन्सिओमीटर: मुळांजवळची ओल दाखवणारे साधन
गावातील आम्ही काही शेतकऱ्यांनी मिळून घेतलेले टेन्सिओमीटर दोन हंगाम वापरून हा अभिप्राय लिहीत आहे. पाण्याने भरलेली नळी, तिच्या टोकाला चिनीमातीचा सच्छिद्र कप आणि वर दाबमापक, एवढीच त्याची रचना असून माती सुकू लागली की कपातून पाणी ओढले जाते आणि काटा पुढे सरकतो. बॅटरी लागत नाही, हे मला फार मोलाचे वाटते. पूर्वी वरची माती कोरडी दिसताच आम्ही पाणी सोडत असू. 30 सेंटिमीटर खोलीवर ओल टिकून असल्याचे काट्याने दाखवले, तेव्हा कितीतरी पाळ्या विनाकारण दिल्याचे उमगले. मात्र ताण, म्हणजे सुकलेली माती कपातून पाणी ओढते तो जोर, सुमारे 80 किलोपास्कलपुढे (किलोपास्कल हे दाबाचे एकक) गेल्यास नळीत हवा शिरते आणि पुन्हा पाणी भरावे लागते, हे माहितीपत्रकात ठळकपणे लिहायला हवे होते.