ढिली बिजागरी: नट आवळावा की जोडी बदलावी?

स्क्रीन हव्या त्या कोनात ठरत नाही, लॅपटॉप मांडीवर घेतला की हळूहळू मान टाकते. अशा वेळी दोनच खरे उपाय असतात: आहे त्याच बिजागरीचा नट आवळायचा, नाहीतर नवी जोडी बसवायची. मागे पुस्तकांचा टेकू लावणं हा उपाय नव्हे, चालढकल आहे.

आधी एक खात्री करून घ्या. झाकण हलवताना बिजागरीजवळचं प्लास्टिक उचकटत असेल तर बिजागरी ढिली नाहीच. तिचे स्क्रू ज्या पितळी इन्सर्टमध्ये (प्लास्टिकमध्ये रोवलेल्या आट्यांच्या छोट्या नळ्यांत) बसतात ते उखडलेत, आणि अशा वेळी नट आवळला की उरलेलंही तुटतं. नुसते स्क्रू सैल असतील तर ते घट्ट केले की काम संपलं.

बिजागरीच्या दांड्यावर स्प्रिंग वॉशरांची चळत असते आणि टोकाला नट. त्या दाबामुळे होणारं घर्षणच स्क्रीन धरून ठेवतं. उघडझाप होऊन ग्रीस वाळतं, वॉशर झिजतात, कधी कधी काळपट भुकटीही दिसते. तेल मात्र चुकूनही सोडू नका, घर्षण आणखी कमी होईल. काही बिजागऱ्यांत नटच नसतो, दांड्याभोवती पत्रा गुंडाळलेला असतो. तिथे प्रश्नच मिटला, जोडी बदला.

आवळण्याचं काम असं: तळाचं कव्हर काढा, बॅटरीचा कनेक्टर सोडवा. बऱ्याच मॉडेलांत नट इथेच दिसतो, काहींत बेझलखाली, म्हणजे स्क्रीनभोवतीच्या चौकटीखाली, दडलेला असतो. नट आणि दांडा यांच्यावर मार्करने एक सरळ रेघ ओढा, म्हणजे किती फिरवलं ते कळतं. बारीक पान्याने एका वेळी फेऱ्याचा आठवा हिस्साच फिरवा आणि दोन्ही बाजूंना सारखं. एकच बाजू कडक झाली तर स्क्रीनला पीळ पडतो. शंभरेक अंशांत उघडून लॅपटॉप हलकेच तिरका करा. स्क्रीन जागेवर राहिली की पुरे. झाकण उघडताना तळाचा कोपरा उचलला जात असेल तर जास्त झालं, थोडं मागे घ्या. नट पुन्हा सुटू नये म्हणून थ्रेडलॉकर (आटे घट्ट धरून ठेवणारा गोंद) लावायचा मोह होतो, पण तो प्लास्टिकवर ओघळला तर तडे जाऊ शकतात.

नव्या जोडीच्या बाजूनेही बोलायला हवं. झिजलेले वॉशर आवळून नवे होत नाहीत. काही महिन्यांनी पुन्हा पाना हातात घ्यावा लागू शकतो. नवी जोडी नीट मिळाली तर हा पाठपुरावा संपतो.

माझं मन फिरतं ते बेझलपाशी. जोडी बदलायची तर तो काढावाच लागतो, आणि अलीकडच्या पातळ लॅपटॉपांत तो दुहेरी टेपने चिकटवलेला असतो. गरम करून, प्लास्टिकच्या पत्तीने कितीही जपून सोडवला तरी परत बसवताना एखाद्या कोपऱ्यात केसाएवढी फट राहतेच. मग तिथे धूळ शिरते आणि रोज नजर तिथेच जाते. त्यात डिस्प्लेची केबल आणि वायफायच्या अँटेनाच्या तारा बिजागरीशेजारूनच जातात; बसवताना चिमटल्या तर स्क्रीन लुकलुकते किंवा वायफाय मंदावतं. शिवाय कॉपी मालाच्या बिजागऱ्या बऱ्याचदा गरजेपेक्षा कडक येतात, आणि जुन्या, ठिसूळ झालेल्या प्लास्टिकला तो ताण सोसत नाही. ढिल्या बिजागरीचा त्रास घालवायला गेलो आणि तुटलेला कोपरा घेऊन आलो, असं व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून माझा कल आधी आवळण्याकडे. एकूण अर्धा फेरा देऊनही स्क्रीन ठरत नसेल तर वॉशर संपले असं समजा आणि जोडी मागवा. मागवताना मॉडेलचं नाव पुरत नाही. टच आणि बिनटच स्क्रीनच्या बिजागऱ्या एकाच मॉडेलात वेगळ्या असू शकतात, कारण टचची काच जड. जुन्या बिजागरीच्या पत्र्यावरचा पार्ट नंबर टिपून घ्या, आणि दुसऱ्या लॅपटॉपातून काढलेली जोडी कोणी पुढे केली तर ती आधी हातात धरून फिरवून बघा. तीही तितकीच झिजलेली असण्याची शक्यता दाट असते.