अकरा महिन्यांचं माथेरान : वापरानंतरचा अनुभव

१ ऑक्टोबर २०२४ ते ३१ ऑगस्ट २०२५. माथेरानात भाड्याचं घर, लिव्ह अँड लायसन्स, नेहमीचे अकरा महिने. करार संपवून ठाण्यातल्या पाचपाखाडीला परत आल्यापासून लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "काय मजा असेल ना राव?" मजा होती. पण शनिवारी जाऊन रविवारी चिक्की घेऊन परतणाऱ्यांना जे माथेरान दिसतं ते मला फार तर पहिले पंधरा दिवस दिसलं. पुढचं कोणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

आधी माझं सांगतो, म्हणजे तुमच्याशी जुळतं का बघा. वय ५३, बायको-मुलं नाहीत, आई धाकट्या भावाकडे, ठाण्यातच. काम जीएसटी आणि आयकराचे रिटर्न भरण्याचं, म्हणजे लॅपटॉप, प्रिंटर आणि लाइट असले की झालं. ठाण्याहून कर्जत लोकल पकडली की तास-सव्वा तासात नेरळ, तिथून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका. कागदावर सगळं सोपं. दस्तुरीला गाडी थांबते आणि तिथून पुढे गाडी नाही, अँब्युलन्स आणि मोजक्या ई-रिक्षा सोडल्या तर. बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर. छोट्या रेल्वेची शटल मिळाली तर दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनहून बसायचं, नाहीतर रुळाच्या कडेने चालायचं.

पहिल्याच दिवशी दस्तुरीवर माझे पाच डाग उतरवले. खालच्या वाडीतून येणारी एक हमाल बाई पुढे आली, पन्नाशीची असेल. तिने प्रत्येक बॅग एका हाताने जराशी उचलून खाली ठेवली. चौथ्या बॅगेशी थांबली. "दादा, ह्यात पुस्तकं हायेत ना?" मी हो म्हटलं. "मंग हिचे येगळे." कपड्यांची बॅग दिसायला दुप्पट होती, तिच्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. चुंबळ डोक्यावर ठेवली, पुस्तकं चढवली आणि माझ्यापेक्षा दहा मिनिटं आधी घरी पोचली.

माथेरानात राहायचं म्हणजे काय, ते मला त्या बाईने तिथेच सांगून टाकलं होतं. कळायला दोन महिने लागले. तिथे प्रत्येक वस्तूला वजन असतं. ठाण्यात तांदळाची दहा किलोची पिशवी म्हणजे फोनवरचं एक बटण. तिथे ती कोणाच्या तरी डोक्यावरून, घोड्याच्या पाठीवरून नाहीतर हातगाडीवरून येते आणि त्याचे पैसे वस्तूच्या किमतीत आधीच चढलेले असतात. भरलेला सिलिंडर म्हणजे १४.२ किलो गॅस आणि जवळजवळ तेवढंच लोखंड. महिन्याच्या भाजीचा हिशोब घातला तेव्हा आधी वाटलं दुकानदार लुटतायत. एकदा हट्टाने नेरळच्या बाजारातून बारा किलो सामान स्वतः वाहून आणलं, तेही फक्त दस्तुरीपासून. दुसऱ्या दिवशी खांदा वर जाईना. त्यानंतर घासाघीस बंद.

धूळ. जांभ्या दगडाची तांबडी माती, त्यात घोड्यांची लीद, आणि डिसेंबर ते मे ती हवेतच असते. पांढरे शर्ट मी जानेवारीत ठाण्याला परत पाठवले. मोजे भिजवलेल्या बादलीतलं पाणी बघून आई म्हणाली असती, चहात दूध घालायचं राहिलंय. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हा मुद्दा हलक्यात घेऊ नये.

माकडांबद्दल सगळे बोलतात, मी थोडक्यात आटोपतो. दाराला आतून कडी, खिडकीला जाळी, आणि तरीही गुळाची ढेप गेली ती गेलीच. टूथपेस्टही गेली. तिचं काय केलं असेल देव जाणे.

बाकीच्या गोष्टी ठीकठाक. इंटरनेट कोरड्या दिवसांत बरं, मोबाइलची रेंज घराच्या एका कोपऱ्यात उत्तम आणि दुसऱ्यात शून्य. साध्या आजारपणाला गावात सोय आहे, मोठं काही झालं तर खाली उतरायचं, हे मनाशी पक्कं करूनच जावं.

आता चांगलं. नोव्हेंबरचा मंगळवार. शनिवार-रविवारची जत्रा उतरलेली, सोमवारी गावाने झोप काढलेली, आणि मंगळवारी सकाळी शार्लोट लेकपाशी पिसारनाथाच्या देवळाकडे जाताना फक्त तुमच्याच चपलांचा आवाज. हॉर्न नाही. हे वाचून तुम्ही मान डोलवाल, पण हॉर्न नसणं म्हणजे काय ते आठवड्याने कळतं, जेव्हा शेजारच्या झाडावर शेकरू एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेलेलं खुर्चीत बसून ऐकू येतं. संध्याकाळी लुईझा पॉइंटला गेलं की समोर प्रबळगड. दुसऱ्या अंगाला, वन ट्री हिलकडून खाली मोरबे धरणाचं पाणी चमकतं. नवी मुंबईत नेरूळला राहणाऱ्या बहिणीला फोटो पाठवून लिहिलं, "तुझ्या नळाचं उगमस्थान." तिचं उत्तर आलं, "आज पाणी नाही."

गावाचा इतिहास पाटीवर जेवढा असतो तेवढा सगळ्यांना माहीत असतो. १८५० च्या मे महिन्यात ह्यू मॅलेट या साहेबाने माथेरान 'शोधलं', आणि हा मॅलेट होता ठाण्याचा कलेक्टर. म्हणजे उन्हाळ्यात ठाण्याला कंटाळून तिथे पळण्याची रीत आमचीच. ठाकर-धनगर तिथे आधीपासून होते, त्यांना ते कोणी शोधून द्यायची गरज नव्हती. पर्यटक लुईझा, अलेक्झांडर, शार्लोट अशी साहेबी नावं विचारत फिरतात. वीर भाई कोतवाल याच गावात १९१२ साली जन्मले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर इंग्रजांशी लढताना हुतात्मा झाले. अकरा महिन्यांत त्यांच्याबद्दल मला विचारणारा एकच पाहुणा भेटला, तोही बदलापूरचा शाळामास्तर.

आणि ती नेरळहून येणारी छोटी रेल्वेगाडी. आदमजी पीरभॉय घराण्याच्या पैशातून झालेली, १९०७ पासूनची, दोन फुटी रुळावरून २१ किलोमीटर वळणं घेत चढणारी. हौस म्हणून एकदा जरूर बसा. राहणाऱ्याच्या कामाची आहे ती अमन लॉज ते माथेरानची शटल. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते, शटल मात्र चालू. शनिवारी शटलच्या तिकिटाची रांग बघून मी बहुतेकदा चालतच गेलो. पोट दोन इंच कमी झालं, त्याचं श्रेय रेल्वेला.

मे महिन्यात आई राहायला आली. वय ७८, दोन्ही गुडघे गेलेले. घोड्यावर बसणं शक्य नव्हतं, ई-रिक्षा मोजक्या आणि त्यांची रांग वळण घेऊन मागे गेलेली. राहिली हातरिक्षा. एक माणूस पुढे ओढणारा, दोघे मागून ढकलणारे. पहिल्या चढावर पुढच्याच्या मानेवरची शीर फुगली आणि आई म्हणाली, "थांबा, मी उतरते." तो न थांबता म्हणाला, "बसा आजी, तुमचं वजन ते केवढं! मघाशी एक शेठ होते, त्यांच्याकडून दुप्पट घ्यायला पाहिजे होते." आई हसली, पण वाटभर दोन्ही हातांनी दांडी धरून स्वतःला उचलून धरल्यासारखी बसली होती, जणू तेवढ्याने भार कमी होणार होता. घरी पोचल्यावर तिघांना सरबत केलं आणि भाड्यावर पन्नास-पन्नास रुपये दिले. मग आठवडाभर कुठल्याही पॉइंटला चल म्हटलं की, "मला इथून दिसतंय की."

ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि ई-रिक्षा आणताना त्या ओढणाऱ्यांचं पुनर्वसन बघा, असा आदेश दिला. आईचा लगेच फोन. "बरं झालं," म्हणाली, आणि मग, "पण त्या तिघांना रिक्षा मिळेल ना रे?" मी स्टँडवर जाऊन विचारलं. तिथे सगळे एकाच वेळी बोलत होते आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा होता.

पावसाळ्याबद्दल स्पष्ट लिहितो, कारण "पावसात माथेरान काय दिसत असेल!" असं म्हणणारे सगळे ठाण्यात बसलेले असतात. जूनचा पहिला आठवडा सुंदर. पहाटे शीळकरी कस्तूर पक्षी शीळ घालतो, एखादा मुलगा गाणं अर्धवट विसरून पुन्हा सुरू करतो तशी. मग जुलै. मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही, पट्ट्याला आणि चपलांना हिरवी लव येते, टॉवेल चार दिवस ओला. माझा प्रिंटर एका वेळी तीन कागद ओढायला लागला, कारण ते दमट होऊन एकमेकांना चिकटलेले. कागदांचा गठ्ठा मी तव्याच्या उरलेल्या धगीवर सुकवायचो, पापडासारखा. २० जुलै, जीएसटी भरायची शेवटची तारीख, आणि आदल्या रात्रीपासून लाइट गायब. सकाळी लॅपटॉप तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून दस्तुरीपर्यंत चालत, नेरळला उतरून लोकल, आणि भावाच्या डायनिंग टेबलावर नऊ जणांचे रिटर्न भरले. शेवटचं रात्री साडेदहाला. आई बाजूला भजी तळत होती.

गावकऱ्यांबद्दल एक. पहिले दोन महिने मला सगळ्यांनी पर्यटकाचाच भाव लावला. मार्चमध्ये, दस्तुरीवर पर्यटकांची दिशाभूल होते म्हणून गावाने बंद पाळला, तेव्हा माझ्याकडे दूध नव्हतं. शेजारच्या काकूंनी न मागता तांब्या आणून दिला. त्यानंतर भाव बदलला.

गुण द्यायचे तर नोव्हेंबर-डिसेंबरला पाचपैकी पाच, एप्रिल-मेला साडेतीन (गर्दी आणि धूळ), जुलैला दीड, तोही कस्तुरासाठी. जायचंच असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी पाच महिन्यांचं बघा, पूर्ण अकरा महिन्यांचं नको. घर बाजारापासून किती लांब आहे ते नकाशावर न बघता हातात पाच किलोची पिशवी घेऊन चालून बघा.

निघायच्या दिवशी मुद्दाम त्याच बाईला निरोप पाठवला होता. पाऊस थांबला होता, पाय घोट्यापर्यंत चिखलात. तिने सगळे डाग पुन्हा एकेका हाताने उचलून बघितले आणि चौथ्याशी थांबली.

"दादा, आणली तवा एवढी जड नव्हती. पाऊस प्यायली की पुस्तकं."

मी म्हटलं, लावा जास्तीचे.

"लावतेच. वाचली तरी का?"

"निम्मी."