पन्नास लिटरची सॅक, आठ महिने वापरून: सह्याद्रीत पास, बोगोटात पपई

सॅक घेतली एप्रिल २०२५ मध्ये, पुण्यात, पेठेतल्या एका दुकानातून. साडेसहा हजार रुपये. ५० लिटर, वरून उघडणारी, रिकामी असताना वजन एक किलो आठशे ग्रॅम. दुकानदार दीड किलो म्हणाला होता, मी घरी आणून काट्यावर ठेवली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीत आपल्याकडे ज्या चार-पाच सॅका मिळतात त्यांची ठेवण जवळपास एकच असते. मी खाली जे रडगाणं गाणार आहे आणि जे कौतुक करणार आहे, ते कमीजास्त सगळ्यांनाच लागू पडेल.

पावसाळाभर ती सह्याद्रीत फिरली. राजगड, हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, शिवाय दोन-तीन छोटे ट्रेक. मग दिवाळी उरकून आम्ही चौघं कोलंबियाला गेलो, तीन आठवडे. त्यातले अकरा दिवस एकट्या बोगोटात. तेव्हा हा अनुभव अर्धा डोंगरातला आणि अर्धा ऐंशी लाख वस्तीच्या शहरातला आहे. सॅक दोन्हीकडे तीच, पण दोन्हीकडे मी तिला वेगवेगळे मार्क देते.

आधी डोंगर, थोडक्यात. कंबरपट्टा उत्तम. माझी उंची पाच फूट एक इंच, आणि ‘सगळ्यांसाठी एकच माप’ असं लिहिलेल्या सॅका माझ्या ढुंगणावर आपटतात. हिच्या पाठीला वर-खाली सरकवायची सोय आहे. मानेच्या बाहेर आलेल्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत टेपने माप घ्या, त्याप्रमाणे पाठ लावा, मग कंबरपट्टा हाडावर आवळा आणि शेवटी खांद्याचे पट्टे ओढा. दुकानात बहुतेक जण उलट करतात, आधी खांदे. मग सगळं ओझं मानेवर येतं आणि शिव्या सॅकला मिळतात. बारा किलो भरून राजगड चढले, खांदा दुखला नाही.

रेनकव्हरचं मात्र ऐकून घ्या. ते पाठीकडून उघडंच असतं. आपल्याकडच्या पावसात पाणी मानेवरून पाठीच्या गादीत उतरतं आणि तिथून आत. जुने ट्रेकर करतात तेच करा: आत मोठी काळी कचऱ्याची पिशवी, सगळं सामान त्यात, तोंड पिळून आत दुमडायचं. ऑगस्टनंतर माझं रेनकव्हर घडीवर सोलवटायला लागलं होतं. ओलं घडी घालून ठेवलं ही माझी चूक. पण चार महिन्यांत सोलवटावं, ही कंपनीची.

आता बोगोटा.

पहिली गोष्ट हवेची. हे शहर समुद्रसपाटीपासून २,६४० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी हजार मीटर चढलात की तिथे त्यांचे सिग्नल, बँका आणि ट्रॅफिक जॅम सुरू होतात. मुंबई-इस्तंबूल-बोगोटा करून, झोपेचं खोबरं झालेल्या अवस्थेत, आम्ही ला कांदेलारिया या जुन्या भागातल्या हॉस्टेलवर पोचलो. खोली तिसऱ्या मजल्यावर. राजगड हसत चढलेली मी दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभी. आमच्यातली डॉक्टर म्हणाली, “दोन दिवस हळू चाला, पाणी प्या, शहाणपणा करू नका.” त्या जिन्यात सॅक काट्यावर नसतानाही तिचं वजन मला कळलं. तेरा किलो. त्यात किलोभर चिवडा, भाकरवडी, मेतकूट आणि मुगाची डाळ.

डाळीचं सांगून टाकते, विषय निघालाच आहे तर. त्या उंचीवर पाणी साधारण ९१ अंशालाच उकळतं. हॉस्टेलच्या ओट्यावर खिचडी टाकली, पाणी खदखदतंय, तांदूळ आपला कडक आणि डाळ त्याहून कडक. पाऊण तासाने मास्तर (आमचा शाळेत शिकवणारा मित्र) म्हणाला, “आता ही खिचडी म्हणून नको, कोशिंबीर म्हणून खाऊ.” कुकर न नेता डाळ नेऊ नका. तेवढं वजन तिथेच वाचेल.

दुसरी गोष्ट: वरून उघडणाऱ्या सॅकला कुलूप लागत नाही. ट्रेकमध्ये हा प्रश्नच येत नाही. हॉस्टेलात येतो. वरचं तोंड दोरीने आवळायचं आणि त्यावर झाकण टाकून बक्कल लावायचं, एवढंच. चेन असती तर दोन रनर एकत्र करून कुलूप घातलं असतं. खोलीतले लॉकर इतके अरुंद की ५० लिटरची सॅक आडवी-उभी कशीही जाईना. नाशिककर मित्राची ४० लिटरची, सुटकेससारखी पूर्ण उघडणारी सॅक अल्लद आत गेली. आठवडाभर तो आमच्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती मी विसरणार नाही.

तिसरी गोष्ट, आणि हे सगळं लिहायला बसले ते हिच्यासाठीच: पपई.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कोपऱ्यावर तिंतो घेत होतो. तिंतो म्हणजे काळी कॉफी. बायका-पुरुष थर्मास भरलेल्या ढकलगाड्या घेऊन रस्तोरस्ती विकतात, आपल्याकडच्या सायकलवरच्या चहावाल्यासारख्या. गाडीवालीने माझ्याकडे बघितलं, माझ्या सॅकच्या बाजूच्या जाळीच्या खिशाकडे बोट केलं आणि म्हणाली, “सुमेर्से, नो दे पापाया.” सुमेर्से हे तिकडचं आदराचं संबोधन, ‘अहो ताई’च्या जवळ जाणारं. पुढचं ऐकून डॉक्टरने खुशीत विचारलं, पपई कितीला? बाई हसून हसून बेजार. तिच्याकडे पपई नव्हतीच. ‘पपई देऊ नका’ हा कोलंबियातला वाक्प्रचार आहे. चोराला संधी आयती ताटात वाढू नका, असा त्याचा अर्थ. माझ्या जाळीच्या खिशात फोन होता, अर्धा बाहेर डोकावत. ही झाली पपई. त्याची पुढची ओळही आहे: पपई समोर ठेवली की कापली जाणारच. म्हणजे चोराला दोष कमी, ठेवणाऱ्याला जास्त. पटो न पटो, अकरा दिवसांत हे वाक्य आम्ही किमान पाच जणांकडून ऐकलं.

तेव्हापासून मी माझ्या सॅककडे त्या बाईच्या नजरेने बघायला लागले. बाजूला जाळीचे दोन खिसे: पपई. कंबरपट्ट्यावर चेनचा खिसा, चालताना नजरेबाहेर: पपई. पाठीमागे काठ्या अडकवायचे पट्टे, लोंबणारे: कुणीही धरून ओढावेत. आणि झाकणाचा खिसा तर थेट मागच्या माणसाच्या हनुवटीखाली. डोंगरात ज्या सोयींसाठी आपण हजार-दोन हजार जास्त मोजतो, त्या सगळ्या शहरात दुसऱ्याच्या सोयीच्या.

झालंही तसंच. हॉस्टेल बदलायचं होतं म्हणून रविवारी भरलेली सॅक पाठीवर घेऊन आम्ही कार्रेरा सेप्तिमाने निघालो. जुन्या गावातला या रस्त्याचा तुकडा पायी चालणाऱ्यांसाठी राखीव आहे. रविवारी तिथे गाणारे, नाचणारे, जुनी पुस्तकं विकणारे, मक्याची कणसं भाजणारे, नुसती तुळशीबाग. पोचल्यावर बघते तर झाकणाची चेन सताड उघडी. आतली पिशवी गायब. त्या पिशवीत काय होतं? आवळासुपारी. आईने दिलेली, घरची. चोराने ती तोंडात टाकली असेल तेव्हाचा चेहरा बघायला मिळायला हवा होता.

हसण्यावारी नेलं, पण हात कापत होते. कारण त्याच झाकणाला आतल्या बाजूने दुसरा चेनचा खिसा आहे आणि त्यात माझं पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड होतं. कोलंबियाहून भारतात परतताना ते दाखवावं लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवू शकतात. (लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या, त्याआधी कार्ड लागू होत नाही.) आतला खिसा उघडायला आधी झाकणाचं बक्कल काढावं लागतं, म्हणून वाचलं. तर खरेदी करताना हे नक्की बघा: झाकणाला खालून, आतल्या अंगाला खिसा आहे का. आठ महिन्यांत या सॅकने केलेलं हे सगळ्यात मोठं काम.

त्यानंतर मोठी सॅक खोलीत, कचऱ्याच्या पिशवीसकट, पलंगाच्या पायाला सायकलच्या वायर-कुलपाने बांधलेली. शहर फिरायला मास्तरची घडी घालता येणारी १८ लिटरची पिशवीवजा सॅक, तीही छातीवर. सुरुवातीला लाज वाटली. मग ट्रान्समिलेनियोत, म्हणजे बोगोटाच्या शहर बससेवेत, चढलो आणि बघितलं तर अर्धी बस छातीवर बॅग घेऊन उभी.

पुणेकरांना ट्रान्समिलेनियो बघून भरून येईल. डिसेंबर २००० मध्ये ही सुरू झाली. मधली स्वतंत्र लेन, बंदिस्त स्टेशनं, आत शिरतानाच कार्ड टेकवायचं आणि फलाटाच्या उंचीला बसचा दरवाजा. हाच नमुना डोळ्यांसमोर ठेवून पुण्याने २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव लेन, आणली, आणि तिचं काय झालं ते आपण रोज बघतो. बोगोटात लेनमध्ये दुचाकी नाही, रिक्षा नाही, लांबच लांब लाल जोडबस एकामागून एक. आम्ही गेलो तेव्हा, २०२५ मध्ये, तिकीट ३,२०० पेसो होतं, म्हणजे सत्तर रुपयांच्या आसपास, कितीही लांब जा. गर्दी मात्र विरारची आठवण करून देते. एका बाबतीत आपण पुढे: आपली मेट्रो धावते, त्यांच्या पहिल्या मार्गाचे अजून खांब उभे राहतायत.

रस्ते शोधायला नकाशा फारसा लागला नाही. डोंगर दिसतोय ती पूर्व, संपला विषय. डोंगराला समांतर धावतात त्या कार्रेरा, त्यांना छेदतात त्या काये, सगळ्यांना नंबर. पत्त्यात ‘काये १२, क्रमांक ३-४५’ असेल तर बाराव्या कायेवर, तिसऱ्या कार्रेराच्या कोपऱ्यापासून ४५ मीटर. ‘मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीसमोर’ याची सवय असलेल्या मला हे फार थंडगार वाटलं, पण एकदाही चुकले नाही.

मोन्सेराते चढलो तेव्हा मोठी सॅक मुद्दाम घेतली, अर्धी भरून. शहराला चिकटलेला ३,१५२ मीटरचा डोंगर, वर चर्च, दगडी पायऱ्यांची वाट. पायथ्यापासून वर जायला रोपवे आहे, रुळांवरची गाडीही आहे, पण नवसाला येणारे चालत जातात. वाटेत टपऱ्यांवर आग्वापानेला मिळतं: गुळाचं गरम पाणी, सोबत चीजचा तुकडा. चीज त्यात बुडवून खायचं. गुळासोबत चीज ऐकून तोंड वाकडं केलं होतं, दुसरा कप मीच मागितला. वर पोचताच धुकं, मग पाऊस. सोलवटलेलं रेनकव्हर वाऱ्याने फुगलं आणि सरळ दरीकडे उडालं. कव्हरला कमरेशी बांधायची नाडी असते, ती बांधा. आजूबाजूचे म्हातारे रुआना पांघरून निवांत बसलेले. रुआना म्हणजे घोंगडीला मधोमध चीर पाडून डोकं बाहेर काढावं तशी लोकरीची वस्तू. धनगराला दाखवली तर म्हणेल, ही आमचीच.

सामान भरण्याचा खरा धडा सोन्याच्या संग्रहालयात मिळाला. तिथे मुइस्का लोकांनी (या भागातले मूळ रहिवासी) घडवलेला सोन्याचा तराफा आहे, १९६९ मध्ये पास्का गावाजवळच्या गुहेत सापडलेला. लांबी जेमतेम वीतभर, साडेएकोणीस सेंटिमीटर. त्यावर मधोमध सरदार, भोवती त्याची माणसं, प्रत्येकाच्या अंगावर दागिने, आणि तरी कुठे दाटी नाही. नाशिककर बराच वेळ काचेला नाक लावून उभा होता. शेवटी म्हणाला, “बघ, ४० लिटरमध्ये सगळं मावतं.”

परत आल्यावरची अवस्था: उजव्या खांद्याच्या पट्ट्याची शिलाई दीड इंच उसवली, डावी जाळी फाटली, झाकणाच्या चेनचा रनर सैल. कापड आणि फ्रेम शाबूत, कंबरपट्टा पहिल्या दिवसासारखा. कंपनीला वॉरंटीसाठी फोटोसकट दोन मेल टाकले, उत्तर नाही. शेवटी चेन दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी पट्टा जाड दोऱ्याने दुहेरी शिवला, रनर बदलला, एकशेवीस रुपये घेतले. जाळीला हात लावताना विचारलं, “ताई, ही पण शिवू?”

म्हटलं, नको, काका. तिथे जाड कापड लावून खिसा कायमचा बंदच करून टाका.